उत्तर उद्या

१२ जानेवारी

दादा,

तुझा पत्ता उंटाने दिला. तुझ्या वर्गातला उंट, दारातून मान वाकवून आत येणारा. आता तो एका चर्चचा पाळक आहे आणि आपल्या सेमिनरीच्या नियामक मंडळावरही बसतो. दार कितीही उंच असलं तरी अजून मान वाकवूनच येतो. "मी दिला म्हणून सांगू नकोस," असं त्याने पुन्हा पुन्हा बजावलं, म्हणून तेच आधी सांगून मोकळी होते.

हे पत्र कामाचं आहे. तुला परत बोलवत नाही आणि रडगाणंही गात नाही. ते गायला मुळात रडू यावं लागतं.

सेमिनरी बंद होते आहे. मंडळ "विलीन होते आहे" म्हणतं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या सेमिनरीत आपली पुस्तकं जातील, उरलेले विद्यार्थी जातील, आणि शिक्षकांपैकी जे त्यांना पसंत पडतील ते जातील. गेली काही वर्षं विद्यार्थी शिक्षकांपेक्षा जरासेच जास्त होते. सकाळच्या उपासनेला मागची बाकं रिकामी, मधली रिकामी, आणि पुढच्या बाकावर तर कधीच कोणी बसत नव्हतं. आवार एका माल साठवणाऱ्या कंपनीने घेतलं. आपली सुरुवात एका भाड्याच्या गोदामात झाली होती, शेवटही गोदामातच. नव्या प्राचार्यांनी हे बैठकीत विनोद म्हणून सांगितलं. कोणी हसलं नाही तेव्हा त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

ग्रंथालयामागची कबरींची जागाही त्यात गेली. सगळ्या कबरी शहराच्या सार्वजनिक दफनभूमीत हलवायच्या आहेत. ज्यांचं माणूस असेल त्यांनी येऊन आपली कबर दाखवायची. जी कोणालाच ओळखता येणार नाही तिच्यातलं सगळं एका मोठ्या खड्ड्यात, एकत्र. मार्चअखेर जागा मोकळी करून द्यायची आहे.

आणि दादा, आई कुठे आहे ते मला माहीत नाही.

दफनाच्या दिवशी मला गालगुंड झालं होतं. गळ्याभोवती लोकरी फडकं गुंडाळून मला आतल्या खोलीत ठेवलं होतं आणि त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडते. आपल्याकडे कबरीवर दगड नाही, नाव नाही, खूण नाही. वर्षभरात माती बसते आणि गवत सगळीकडे सारखंच उगवतं. कोण कुठे आहे हे तुला ठाऊक आहे आणि बाबांना. बाबा सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, "सगळी मातीच आहे, कुठलीही उचल."

तेव्हा कुठली रांग आणि कोणत्या टोकाकडून कितवी, एवढंच लिही. एक ओळ पुरे. माझी चौकशी केली नाहीस तरी चालेल.

बाबा बरे आहेत.

शेपूट

(सही करताना जरा अडले. तू गेल्यावर या नावाने मला कोणी हाक मारली नाही, पण खऱ्या नावाने तुला लिहिणं चमत्कारिक वाटलं.)

२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मला लिहायची सवय लागते आहे.

समारोपाच्या उपासनेत वाटायला सेमिनरीचा छोटा इतिहास हवा आहे आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. मी प्रवचनकला शिकवते, त्यामुळे मला कशावरही वीस मिनिटं बोलता येतं असा सगळ्यांचा समज आहे. अडचण एकच, इतिहासात नाव एकाचंही घालायचं नाही. प्राचार्य म्हणाले, "नियम शेवटपर्यंत पाळू." जागा विकताना हा बाणा कुठे होता ते मी विचारलं नाही.

तर इतिहास असा. एक मुद्रक, एक शाळामास्तर आणि एका डॉक्टरची विधवा. हे तिघं ज्या चर्चमध्ये जात तिथे बाकं विकत मिळत. पैसे भरणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी बाकाच्या पाठीला ठोकत आणि ज्यांचं नाव कुठेच नाही त्यांनी मागे उभं राहायचं. एका रविवारी या बाई पाय दुखतात म्हणून एका रिकाम्या बाकावर बसल्या. त्यांना उठवलं. बाकाचे मालक वर्षभर परदेशी होते, बाक त्यांची वाट बघत होता. बाई उठल्या ते थेट बाहेर गेल्या, मागोमाग मुद्रक आणि शाळामास्तर. त्यांनी गोदाम भाड्याने घेतलं, खोक्यांच्या फळ्यांची बाकं केली आणि असे उपदेशक तयार करायचे ठरवलं ज्यांना स्वतःच्या नावाची गरज पडणार नाही. पहिला नियम बाईंनी लिहिला. अजून दरवर्षी सत्राच्या पहिल्या दिवशी तो उभं राहून वाचतात: "या आवारात जमिनीच्या वर कोणाही माणसाचे नाव लागणार नाही."

म्हणून आपलं ग्रंथालय नुसतं ग्रंथालय आहे. प्राचार्यांच्या तसबिरी नाहीत, बक्षिसाला कोणाचं नाव नाही, कबरीवर दगड नाही. रोज तासभर हातकाम, त्यातून प्राचार्यही सुटत नाहीत. बाबा प्राचार्य होते तेव्हा व्हरांडा झाडायचे, तू गवंड्याबरोबर असायचास, मी आले तेव्हा पुस्तकबांधणीला लागले आणि अजून तिथेच आहे.

लिहिता लिहिता मला ते तिघं आवडायला लागले. उभ्या राहिलेल्या बाईसाठी केलेला नियम होता तो. पुढे नियमाचं वय झालं आणि तो कडक झाला. वय झाल्यावर कडक होण्याची आपल्याकडे परंपराच आहे.

दुसरी परंपरा मुद्रकाची, उत्तर उद्या. दर गुरुवारी एकाने सराव म्हणून प्रवचन करायचं. मग बाकीच्यांनी त्यातल्या चुका सांगायच्या आणि त्याने उभं राहून ऐकायचं. उलट बोलायचं नाही. सगळ्यांचं झालं की फक्त म्हणायचं, "उत्तर उद्या." आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी जेवणघरात उभं राहून ते द्यायचं. मुद्रकाचं म्हणणं होतं की लगेच दिलेलं उत्तर माणूस स्वतःला वाचवायला देतो. मागच्या गुरुवारी माझ्या एका विद्यार्थिनीला सगळ्यांनी मिळून धुऊन काढलं. शुक्रवारी सकाळी ती उभी राहिली, म्हणाली, "विचार केला. तुमचं बरोबर आहे," आणि बसून पाव खायला लागली. ती चांगली उपदेशक होईल.

बाबा बरे आहेत. हल्ली माझ्या हाताला धरून चालतात. म्हणजे धरते मीच, ते नुसता हात देतात.

आईची रांग लिही.

शेपूट

१९ फेब्रुवारी

दादा,

निरोप मिळाला. मी पत्र टपालाने पाठवायचं आणि तू उत्तर उंटाच्या पाठीवर लादायचं, हे बरं आहे. तो बिचारा दारात उभा राहून पायपुसण्याकडे बघत म्हणाला, "त्याने सांगितलंय, आई दगड होता तिथेच आहे. दगड कोणी काढला त्याला विचार." एवढं बोलून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मग त्याला बसवून चहा द्यावा लागला.

त्या सकाळी मीही जेवणघरात होते, हे तुझ्या लक्षात आहे का? दहा वर्षांची होते. दुधाचा पेला पुढ्यात होता. तू ग्रंथालयाच्या फुटलेल्या पायरीचा तुकडा घेतला होतास, हातकामाच्या तासाला आणि त्यानंतरही टाकी घेऊन बसायचास, आणि विचारलं तर "उंबरा करतोय" म्हणायचास. दगड कबरीवर उभा केलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी उपासनेआधी बाबांनी तो स्वतःच्या हातांनी उपटून काढला. व्हरांड्यातून सगळ्या विद्यार्थ्यांनी बघितलं; उंटही होता, पण इतक्या वर्षांनी त्याला जागा सांगता येत नाही. मी बघितलं नाही. मी वेणी घालत होते, ती मला नीट जमत नसे.

न्याहारीला तू उभा राहिलास. "त्यात नाव कुठे आहे?" म्हणालास. "आई लिहिलंय. आई हे काय एकाच बाईचं नाव असतं?" सगळ्यांचे चमचे थांबले. बाबा उभे राहिले, कारण चूक दाखवली की उभं राहायचं असतं, मग तो प्राचार्य का असेना. तुम्ही मुलं त्यांना मागून स्वल्पविराम म्हणायचात. त्या दिवशी ते इतके थांबले की मला वाटलं दूध थंड होईल. मग म्हणाले, "उत्तर उद्या."

दुसऱ्या दिवशी तुझी खुर्ची रिकामी होती.

पुढचं तुला माहीत नसणार. बाबा त्या सकाळी उभे राहिले होते. हात टेबलावर टेकून, प्रवचनाला राहतात तसे. तुझ्या खुर्चीकडे बघितलं आणि खाली बसले.  त्यानंतर त्यांनी तुझा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. असे आम्ही दोघं राहिलो, मी आणि ते. वाईट नव्हतं. ते वेणी घालायला शिकले.

तुझा निरोप मी त्यांना जसाच्या तसा सांगितला. ते खिडकीशी बसले होते. म्हणाले, "उत्तर उद्या." दुसऱ्या दिवशी मी चहा आणि पाव ठेवून समोर बसले. त्यांनी पाव खाल्ला, चहा प्यायला, आणि रुमालाची चौकोनी घडी घातली. तू गेलास ती सकाळ सोडली तर, "उत्तर उद्या" म्हणून दुसऱ्या दिवशी गप्प राहिलेले बाबा मी जन्मात पाहिले नव्हते. मी आणखी थोडी बसले. मग माझा वर्ग होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी आत चाचपून बघितलं, दातावरून जीभ फिरवतात तसं. काही हाती लागलं नाही.

बाबा बरे आहेत. न्हाणीघरात पडले होते, पण हाड शाबूत आहे. उंट धावत आला. नेमका त्या दिवशी तो वाकायला विसरला, आणि आपल्या न्हाणीचं दार खरंच ठेंगणं आहे. आता दोघांनाही टेंगळं आहेत.

शेपूट

८ मार्च

दादा,

काल आणि आज घरची मंडळी येऊन गेली. खणकामाचा मुकादम मोठ्या आवाजाचा आणि मऊ मनाचा आहे. त्याने कबरींच्या जागेभोवती दोरी बांधली, खुंट्या आणि चिठ्ठ्या आणल्या, आणि म्हणाला, "या, एकेकाने या, आपापलं माणूस दाखवा." जसं काही खेळणीच वाटतोय.

दोन जुन्या प्राचार्यांच्या नातवंडांनी एकाच जागेवर बोट ठेवलं.

"आजोबांच्या पायाशी झाड होतं, आम्हाला वडिलांनी सांगितलंय."

"झाड आमच्या आजोबांच्या डोक्याशी होतं."

"म्हणजे आमचे आजोबा तुमच्या आजोबांच्या खाली?"

"झाड कुठाय पण?" मुकादमाने विचारलं. झाड कधीच तोडलं होतं. त्याने कपाळ पुसलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, राग मानू नका. तुमच्या लोकांचा नम्रपणा जरा जास्तच झाला. एक खुंटी तरी ठोकायची."

मग त्याने विचारलं, "तुमचं कोणतं?"

आणि दादा, माझा हात आपोआप वर झाला.

तुला सांगते, ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नव्हती. तू गेलास त्यानंतर मी माझ्यापुरती एक कबर ठरवून टाकली होती. नळाजवळची. तिथलं गवत मऊ होतं म्हणून, दुसरं कारण नाही. शाळेतून आले की दप्तर टाकून तिथे बसायची. गणितात किती पडले, कोणती मुलगी माझ्याशी बोलत नाही, पोटात दुखतंय ते बाबांना कसं सांगू, सगळं तिथे. वयात आले तरी जात होते. सेमिनरीत शिकवायची नेमणूक झाली तेव्हा पत्र घेऊन आधी तिथेच गेले. मला ती आई आहे असं खरंच वाटत होतं की नाही ते सांगता येणार नाही. पण नाही असंही वाटलं नाही.

मुकादमाच्या माणसांनी आज नळाजवळची उघडली. आधी बुटांच्या टाचा आल्या, मोठ्या पायांच्या. मग तारेचा चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

आईला चष्मा नव्हता.

दोन्ही घरची नातवंडं चष्मा बघून एकदम म्हणाली, "हेच आजोबा." शेवटी उंटाने उंचीवरून निकाल दिला. त्यातले जे जास्त उंच होते ते. तेच, ज्यांच्याबद्दल आपण ऐकत आलो, दोन्ही कानांनी ठार बहिरे आणि त्यामुळेच सगळ्या बैठका शांतपणे पार पाडणारे. तर मी माझं सगळं बालपण एका बहिऱ्या प्राचार्यांना सांगितलं. उंटाला हे सांगितलं तेव्हा तो हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला. "हस," मी म्हटलं. "विनोदीच आहे ते." दुपारी मी वर्ग घेतला, मग पुस्तकं बांधली. जेवले. नेहमीइतकीच जेवले.

संध्याकाळी बाबांच्या अभ्यासिकेतलं पाण्याचं भांडं उचलायला गेले. खिडकी उघडी होती. खिडकीतून समोर नळ दिसतो.

आता मागची रांग राहिली आहे, ग्रंथालयाच्या भिंतीलगतची. त्यातल्या दोन कोणीच ओळखलेल्या नाहीत. ओळख पटली नाही तर दोन्ही मोठ्या खड्ड्यात. मी आता तुला रांग विचारत नाही. बाकी सगळ्या कबरींना माणसं मिळाली, म्हणजे रांग कळली. त्या दोहोंतली कुठली, तेवढं सांग.

बाबा बरे आहेत.

शेपूट

१३ मार्च

दादा,

काल न्याहारीला बाबांनी विचारलं, "मागची रांग कधी?"

"उद्या."

"मी येतो."

पडल्यापासून ते अंगणातसुद्धा उतरलेले नाहीत. आज सकाळी मी उठले तेव्हा ते दाढी करून, प्रवचनाचा काळा कोट घालून पलंगावर बसले होते. बटणं एक एक घर चुकून लावलेली होती. मी ती नीट लावली. उंट आणि मी मिळून त्यांना खुर्चीसकट नेलं. नवे प्राचार्यही आले. काळा कोट बघून त्यांना वाटलं की प्रार्थना आहे, म्हणून त्यांनी हात जुळवून घेतले.

रांगेतली पहिली उघडताना बाबा नुसते बघत राहिले. भिंतीच्या टोकाशी शेवटची होती, तिच्यावर माणसांनी पहार उचलली तेव्हा ते खुर्चीतून उठले. कोणाचा हात न धरता.

"सावकाश," म्हणाले. "खाली दगड आहे."

मुकादम म्हणाला, "इथे दगड लागत नाही, आजोबा. भुसभुशीत आहे सगळी."

"आहे. मी ठेवलाय."

हातभर खाली फावडं खणकन वाजलं. मुकादमाने माणसांना बाजूला सारलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून हाताने माती काढली. पायरीचा तुकडा होता, दादा, एका बाजूने झिजलेला. पालथा होता. तिघांनी मिळून वर काढला आणि उलटा केला. अक्षरांत माती भरली होती. मुकादमाने अंगठ्याने एकेक अक्षर मोकळं केलं आणि त्याच्या त्या मोठ्या आवाजात वाचलं, "आई."

 प्राचार्यांनी जुळवलेले हात सोडले आणि परत जुळवले. तिथे दार नव्हतं तरी उंटाने मान वाकवली.

बाबा प्रवचनाच्या आवाजात म्हणाले, "नियम जमिनीच्या वरचा आहे." मग त्यांचा तो स्वल्पविराम. "खालचा नाही."

मला राग आला. ते तुला लिहायलाच हवं, कारण बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी आलं. दगड बघून नाही आला. मुकादमाने "आई" वाचलं तेव्हाही नाही. बाबा परत खुर्चीत बसले आणि नळाकडे बघायला लागले, तेव्हा आला. मी सगळ्यांसमोर विचारलं, "मी तिथे बसायची. तुम्ही खिडकीतून बघत होतात."

"हो."

"ती आई नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"उत्तर उ..."

"उद्या नको," मी म्हटलं. "आत्ता."

दादा, या आवारात असं कोणी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. प्राचार्यांनी श्वास घेतला तो ऐकू आला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग ग्रंथालयाची भिंत, मग त्यांची खिडकी.

"सांगितलं असतं तर तू इथे येऊन बसली असतीस," ते म्हणाले. "माझ्या खिडकीतून इथलं काही दिसत नाही."

माझा राग होता तसाच होता, पण त्याचं काय करायचं ते मला कळेना. मी त्यांची खुर्ची एका बाजूने उचलली, उंटाने दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही त्यांना घरी आणलं. काळ्या कोटातच झोपले. मी काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे, उद्या लागेल."

शेपूट

१४ मार्च

दादा,

आज गुरुवार नव्हता की शुक्रवार नव्हता, तरी बाबांना जेवणघरात न्यायला लागलं. जेवढे विद्यार्थी उरलेत तेवढे होते, प्राचार्य होते. उंट कालपासून गेलेलाच नाही. पाव वाटून झाल्यावर बाबा टेबलावर दोन्ही हात टेकून उभे राहिले. निम्म्या मुलांना ते कोण आहेत हेही माहीत नाही. पण कोणी न्याहारीला असं उभं राहिलं की काय करायचं ते त्यांना माहीत आहे. चमचे थांबले.

त्यांचं बोलणं मी तुला जसंच्या तसं उतरवून देते. माझी काही भर नाही.

"एक उत्तर राहिलंय. एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, त्यात नाव कुठे आहे. नाव नव्हतं. त्याचं बरोबर होतं. मला ते कळलं दगड हातात घेतल्यावर, पण तोवर मी तो सगळ्यांसमोर काढला होता. सगळ्यांसमोर परत लावायची माझी हिंमत झाली नाही. त्या संध्याकाळी मी तो तिच्याजवळ ठेवला, तिच्या बाजूला तोंड करून. सकाळी त्याला तिथे घेऊन जाणार होतो. माझं उत्तर तेवढंच होतं."

मग बसले आणि म्हणाले, "चहा गार झाला." ज्या विद्यार्थिनीबद्दल मी तुला लिहिलं होतं, ती उठली आणि त्यांना दुसरा घेऊन आली.

तू एक रात्र थांबला असतास तर, असं मी लिहिणार नाही. तू तेव्हा बावीस वर्षांचा होतास आणि ते प्राचार्य होते, एक पाऊल त्यांनीही तुझ्या खोलीपर्यंत टाकायला हवं होतं. पण नियम दोघांनाही पाठ होता, आणि एकाने पाळला, एकाने नाही. मी तेव्हाही मध्येच होते आणि आताही मध्येच आहे. मला वाटतं मला तुम्हा दोघांचाही राग आहे. त्याशिवाय मला तुझी आठवण येते. हे दोन्ही मला कालपासूनच कळलं आहे, म्हणून अजून नीट लिहिता येत नाही.

आता कामाचं. आई माझ्या पुस्तकबांधणीच्या खोलीत आहे. मुकादमाने चांगली लाकडी पेटी करून दिली, ती टेबलावर ठेवली आहे आणि वर स्वच्छ कापड घातलं आहे. मी तिथे बसून काम करते. तिला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं सगळं त्या बहिऱ्यांना सांगून झालंय.

दगड आपल्या पायरीपाशी आहे, धुऊन, अक्षरं वर करून. खुर्ची नेताना बाबा आम्हाला त्याला वळसा घालायला लावतात.

नव्या दफनभूमीचा नियम असा की प्रत्येक कबरीवर काही ना काही खूण हवीच, नाहीतर जागा मिळत नाही. मुकादमाने विचारलं, "दगड सुलटा लावू की पालथा?" मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "माझं उत्तर देऊन झालं. दगड ज्याने घडवला त्याला विचार." म्हणून तुला विचारते. वर की खाली? मुकादम महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला आहे. येऊन स्वतः लावलास तर बरं, तो जड आहे आणि उंटाचं कपाळ अजून दुखतंय. येणार नसशील तर लिही, पण मला लिही, त्याच्याकडे निरोप देऊ नकोस. त्याला रडू येतं आणि मग चहा मला करावा लागतो.

दर पत्रात मी लिहीत आले की बाबा बरे आहेत. ते बरे नाहीत. न्हाणीत पडले त्याआधीपासूनच नाहीत. आज जेवणघरातून परत आणताना त्यांचं वजन मला एकटीलाही पेललं असतं.

उत्तर उद्या दिलंस तरी चालेल. परवा नको.

शेपूट